‘विद्यार्थ्याचे’ की ‘विद्यार्थ्यांचे’? फोर-के मॉनिटरवरच्या एका मुद्रितशोधिकेचं प्रकरण

पुण्यातल्या एका छापखान्यात शालेय गाइडांची प्रुफं तपासणाऱ्या ताईंचं हे प्रकरण. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

ताईंचं वय ५४. शाळेपासूनच मोठा उणे नंबर, आणि पन्नाशीच्या आसपास त्याच मायोपियापायी दृष्टिपटलाचा मधला भाग झिजायला लागला. चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासकट ६/३६, म्हणजे चांगल्या नजरेला ३६ मीटरवरून दिसतं ते ताईंना ६ मीटरवरून दिसतं. दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात ६/१८ पासून खाली ३/६० पर्यंतची दृष्टी ‘अल्पदृष्टी’त धरतात, म्हणजे ताई त्या पट्ट्यात नीटच बसतात. रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा, की ओळखीचं माणूस चालीवरून ओळखू येतं, चेहऱ्यावरून नाही. छापील मजकूर भिंगाखाली वाचता येतो, पण पुढची ओळ शोधावी लागते. पांढरा उजेड अंगावर येतो, तो त्रास वेगळाच.

मालक माणूस म्हणून चांगले. ताईंचे डोळे दमतात म्हणून त्यांनी २४ इंची फुल एचडी मॉनिटर काढून २७ इंची फोर-के आणला, तोही चांगल्यापैकी. दुसऱ्याच दिवशी ताई म्हणाल्या, “शेठ, जुनाच बरा होता हो.”

ताईंचं खरं होतं. जुन्या मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल बसत होते, नव्यावर १६३. जे अक्षर सोळा पिक्सेल उंचीचं काढायचं असं प्रोग्रॅमला सांगितलेलं असतं, ते नव्या पडद्यावरही सोळाच पिक्सेल घेतं. पिक्सेल बारीक झाला, म्हणून अक्षर जवळजवळ निम्म्यावर आलं. विंडोज यावर उपाय म्हणून अशा मॉनिटरला बहुधा १५० टक्के स्केल सुचवतं, म्हणजे पडद्यावरचं सगळं दीडपट मोठं काढतं. पण हिशेब केला तर १५० टक्क्यांवरही अक्षर जुन्या मॉनिटरपेक्षा १५ टक्के लहानच राहतं. जुन्याइतकं दिसायला १७५ टक्के लागतात. चांगल्या नजरेच्या माणसाला हा फरक जाणवतही नाही, कारण अक्षर लहान झालं तरी रेखीव झालेलं असतं. ताईंच्या नजरेला तो रेखीवपणा पोचण्याआधीच आकार कमी पडला.

मग मालकांच्या पुतण्यानं त्याच्या परीनं तोडगा काढला: रिझोल्यूशन ३८४०×२१६० वरून १९२०×१०८० वर आणलं. अक्षरं मोठी झाली, जुन्या मॉनिटरपेक्षाही थोडी मोठी. घरोघरी आणि ऑफिसांत हेच करतात, आणि वडीलधाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर बसल्यावर दहापैकी पाच वेळा मला हेच सापडतं. यात गोम अशी, की फोर-के मॉनिटरचे पैसे मोजून आपण त्याला मोठ्या पिक्सेलचा साधा मॉनिटर करून टाकतो. शिवाय बरेचसे मॉनिटर असं चित्र ताणताना कडा मऊ करतात. रोमन लिपीचं त्यातही भागतं. देवनागरीचं भागत नाही.

हे कुठे कळलं ते सांगतो. एका प्रश्नपत्रिकेच्या प्रुफात ‘विद्यार्थ्यांचे’ हा शब्द होता. ‘र्थ्यां’मध्ये शिरोरेघेच्या वर रफार आहे आणि त्याला खेटून अनुस्वार. अनुस्वार काढला तर ‘विद्यार्थ्याचे’, आणि तोही शब्द बरोबरच, फक्त एकवचनी. शब्दकोश लावून तपासणारा कुठलाही प्रोग्रॅम इथे चूक दाखवणार नाही. बारा पॉइंटात, १०० टक्के स्केलवर तो अनुस्वार जेमतेम दोन पिक्सेलांचा. ताणलेल्या चित्रात रफाराचा बाक आणि टिंब मिळून एकच करडा ठिपका झाला होता. ताईंनी तीन ठिकाणी अनुस्वार ‘आहे’ असं धरून पान सोडलं आणि तिन्ही ठिकाणी तो नव्हता. मालक त्यांना काही बोलले नाहीत. ताईंनी मात्र ते मनाला लावून घेतलं.

मी गेलो तेव्हा विंडोजचं मॅग्निफायर पूर्ण पडदा मोठा करण्याच्या पद्धतीत ४०० टक्क्यांवर चालू होतं. विंडोज आणि प्लस या कळा कुणीतरी दाखवल्या होत्या, बंद करायची कळ कुणीच नाही. (विंडोज आणि एस्केप.) ४०० टक्के म्हणजे लांबीत चौपट आणि रुंदीतही चौपट, तेव्हा एका वेळी पडद्याचा सोळावा हिस्सा दिसतो. ओळीच्या शेवटापर्यंत माउस न्यायचा, मग परत डावीकडे आणायचा, येताना अर्धी ओळ वर-खाली सरकायची आणि तीच ओळ पुन्हा वाचली जायची किंवा एक ओळ गळायची. अल्पदृष्टीच्या माणसाला दमवते ती अक्षराच्या आकारापेक्षा ही परतीची वाट. शिवाय चित्र सरकताना धक्के खात होतं. ताईंना गरगरायला व्हायचं आणि त्यांची समजूत अशी की डोळे आणखी बिघडले.

त्या धक्क्यांचं कारण आधी शोधलं, कारण ते सोपं निघण्याची शक्यता होती. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ३० हर्ट्झ दाखवत होता. कॉम्प्युटरचा एचडीएमआय जुन्या १.४ पिढीचा होता. त्यातून फोर-के चित्र सेकंदाला तीसदाच जातं. पान स्थिर ठेवून वाचणाऱ्याला हे कधी कळत नाही. पण मॅग्निफायरमध्ये माउस हलला की अख्खा पडदा हलतो, तिथे तीस फारच कमी. त्याच कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट होता, न वापरलेला, त्याचं रबरी झाकणही निघालं नव्हतं. केबल बदलली, ६० हर्ट्झ आले, गरगरणं बरंचसं गेलं. केबलचे पैसे भिंगाच्या पैशांपेक्षा कमी होते.

मग रिझोल्यूशन परत ३८४०×२१६० वर नेलं. ताई म्हणाल्या, “पुन्हा बारीक करताय का?” त्यांना जे सांगितलं ते छापखान्यातल्या माणसाला चटकन पटणारं होतं: मॅग्निफायर म्हणजे झेरॉक्सवर पान मोठं करणं, आणि स्केलिंग म्हणजे तोच मजकूर मोठ्या पॉइंटात पुन्हा जुळवणं. झेरॉक्समध्ये शाईचा डागही मोठा होतो. मॅग्निफायर पडद्यावर आधीच उमटलेले पिक्सेल घेतं आणि ताणतं. त्याच्यात कडा मऊ करण्याची सोय आहे. ती बंद ठेवली तर पायऱ्या दिसतात, चालू ठेवली तर धुकं. स्केलिंगमध्ये फाँट नव्यानं, जास्त पिक्सेल वापरून काढला जातो. तेव्हा या साऱ्या प्रकरणात मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतो: मोठं करणं नेमकं कुठल्या टप्प्यावर होतंय? अक्षर अजून फाँटमध्ये असताना, की पडद्यावर उमटल्यानंतर? जितकं आधी, तितकं चांगलं. फोर-केचा खरा फायदा तिथेच मिळतो.

स्केल किती ठेवायचा यावर थोडी खटपट झाली. ३०० टक्के ठेवून पाहिले तर कामाची जागा १२८० बाय ७२० एवढीच उरली, आणि जुन्या प्रोग्रॅमांच्या काही खिडक्यांचं ‘ओके’चं बटण पडद्याच्या खाली गेलं. २२५ टक्क्यांवर ते जमलं. जुन्या मॉनिटरच्या मानानं अक्षर सव्वापट, आणि त्या ‘विद्यार्थ्यांचे’मधला अनुस्वार चार-साडेचार पिक्सेलांचा, रफारापासून सुटा.

सव्वापट पुरेसं नव्हतं. उरलेलं मी सॉफ्टवेअरकडे मागितलं नाही, अंतराकडे मागितलं. मॉनिटर भिंतीलगत ६० सेंटिमीटरवर होता. टेबलाच्या कडेला लावायचा हात मिळतो, मॉनिटरच्या पाठीवरच्या चार भोकांत बसणारा. त्यावर मॉनिटर ३५ सेंटिमीटरवर ओढला. अक्षर डोळ्याच्या हिशेबानं आणखी १.७ पट झालं, म्हणजे एकूण दुपटीच्या वर, आणि तेही पानाचा कोपरा न गमावता. जवळ बसून डोळे खराब होतात ही समजूत ताईंच्या सासूबाईंपासून मालकांपर्यंत सगळ्यांची होती. खराब होत नाहीत, पण त्या अंतराचा चष्मा लागतो. ३५ सेंटिमीटरसाठी पन्नाशीच्या डोळ्याला जवळजवळ ३ डायॉप्टरची भर हवी. ताईंचा चष्मा प्रोग्रेसिव्ह होता, जवळचं दिसण्याची जागा काचेच्या तळाशी. मग त्या हनुवटी वर करून मॉनिटर वाचायच्या आणि संध्याकाळी मान धरायची. नेत्रतज्ज्ञांकडून फक्त या अंतराचा, एकाच नंबरचा दुसरा चष्मा करून घेतला.

एवढ्या जवळून २७ इंची मॉनिटर मात्र अंगावर येतो. त्याची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर. ३५ वरून पाहिलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ८० अंशांचा कोन होतो, दर ओळीला मान फिरवावी लागते. म्हणून वाचायची खिडकी मधल्या निम्म्या भागात ठेवायची, कडेच्या पट्ट्या रिकाम्या किंवा काळ्या. जागा वाया जाते असं पुतण्याला वाटलं. जाऊ दे.

आता खरा अडथळा: पेजमेकर, पुस्तकाची पानं लावायचा जुना प्रोग्रॅम. मराठी डीटीपीत ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना नवल वाटणार नाही. पेजमेकर ७ हा २००१ चा, शेवटचा अवतार, आणि आजही गाइडांची पानं त्यात लागतात, कारण वर्षानुवर्षांच्या फायली त्याच्यात आहेत आणि जुने मराठी फाँट त्याच्याशी जुळलेले आहेत. फोर-के पडदा असू शकतो हे त्या प्रोग्रॅमच्या गावीही नाही. विंडोज अशा प्रोग्रॅमला सांगतं की तू ९६ डीपीआयच्या (इंचाला ९६ पिक्सेलांच्या) पडद्यावर आहेस, त्याच्याकडून लहान चित्र काढून घेतं आणि मग ते ताणतं. म्हणजे स्केलिंग केलं तरी पेजमेकरपुरतं ते झेरॉक्सच. बाकी सगळा कॉम्प्युटर लख्ख, आणि ज्याच्यात काम करायचं ती खिडकी धुरकट.

यावर प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये, कंपॅटिबिलिटीच्या पानावर, हाय डीपीआयची एक सेटिंग आहे. तीत स्केलिंग कुणी करायचं हे ठरवता येतं: ‘सिस्टीम’, ‘सिस्टीम एन्हान्स्ड’ किंवा ‘अ‍ॅप्लिकेशन’. आम्ही ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडलं. पानावरची अक्षरं तत्काळ धारदार झाली, कारण आता पेजमेकर खऱ्या पिक्सेलांवर रेघ ओढत होता आणि मोठं करण्याचं काम त्याच्या स्वतःच्या झूमकडे आलं: कंट्रोल आणि २ ला दुप्पट, कंट्रोल आणि ४ ला चौपट. किंमत मोजावी लागली ती टूलबॉक्सची. सोळा पिक्सेलांचं चिन्ह या पडद्यावर अडीच मिलिमीटरचं होतं. ते ताईंना दिसणं शक्य नाही.

पण ताईंना टूलबॉक्स लागतो किती? मजकूर वाचायचा, चूक दुरुस्त करायची, पुढे जायचं. इथे पेजमेकरमधलीच एक विसरलेली सोय कामी आली: स्टोरी एडिटर. मजकुरात कर्सर ठेवून कंट्रोल आणि ई दाबलं की फक्त मजकूर एका साध्या खिडकीत उघडतो, आणि त्या खिडकीतला फाँट व आकार प्रेफरन्सेसमधून आपण ठरवायचा. तिथे पुस्तकाचाच मराठी फाँट लावला, आकार दुप्पट केला. मुख्य म्हणजे खिडकीच्या रुंदीला ओळ आपोआप मोडते. आडवं सरकणं संपलं, परतीची वाट आखूड झाली. छापखान्यात बरीच वर्षं डीटीपी करणाऱ्या माणसानंही ही खिडकी कधी उघडली नव्हती.

तिचे दोष आहेत. सगळा मजकूर एकाच फाँटमध्ये दिसतो, तेव्हा मधले इंग्रजी शब्द विचित्र जोडाक्षरांसारखे उमटतात. ते मूळ पानावर जाऊन पाहावे लागतात. ओळ कुठे तुटली, ‘विधवा’ ओळ (परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटी पडलेली) राहिली का, हेही इथे कळत नाही. म्हणून दोन फेऱ्या ठरल्या: पहिली स्टोरी एडिटरमध्ये शुद्धलेखनाची, दुसरी पानावर मांडणीची. पूर्वीही प्रुफं दोनदा वाचलीच जायची.

या जागेवर मॅग्निफायरला परत बोलावलं, पण वरच्या पट्टीच्या रूपात. कंट्रोल, ऑल्ट आणि डी या कळांनी पडद्याच्या माथ्यावर मोठं केलेल्या चित्राची पट्टी चिकटते आणि खालचं पान जसंच्या तसं राहतं. एखाद्या पॅलेटमधला आकडा, खिडकीतला प्रश्न, पानाचा क्रमांक बघायचा तेव्हाच ती चालू करायची. फोर-केमुळे इथेही फायदा आहेच: ताणायला मुळातच जास्त पिक्सेल मिळतात, म्हणून २०० टक्क्यांवर पट्टीतलं अक्षर जुन्या मॉनिटरसारखं फुटत नाही. लेन्सचा प्रकार, म्हणजे माउसबरोबर फिरणारं चौकोनी भिंग, ताईंना मुळीच आवडला नाही. मध्यभागी दिसत नसल्यानं त्या अक्षराच्या थोडं वर नजर ठेवून कडेनं वाचतात. नजर एकीकडे, माउस दुसरीकडे, भिंग तिसरीकडे असा घोळ होतो. अल्पदृष्टीची सगळीच माणसं लेन्सला नाकं मुरडतात असं नाही. मधली दृष्टी शाबूत असलेल्यांना ती आवडते. उलट ज्यांची नजर बोगद्यासारखी आकसलेली असते त्यांना मोठं करूनच देऊ नये, दोन अक्षरं दिसणार तिथे एक दिसेल.

कंट्रोल, ऑल्ट आणि आय नं मॅग्निफायरमधले रंग उलटतात. काळ्यावर पांढरं झालं तसा ताईंचा उजेडाचा त्रास निम्मा झाला. चित्रं निगेटिव्हसारखी दिसतात, पण शुद्धलेखनाच्या फेरीत चित्रांशी कुणाला देणंघेणं नसतं. माउसचा बाण मोठा आणि पिवळा केला, आणि कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळ उमटेल अशी खूण लावली. बाण शोधण्यात माणसाचा किती वेळ जातो हे शेजारी बसून पाहिल्याशिवाय पटत नाही.

एक गोष्ट अडूनच होती. प्रूफ वाचताना शेजारी मूळ प्रत लागते. लेखकांची हस्तलिखितं आता वर्डमध्ये येतात, युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरही ज्यांना मराठी अक्षरं म्हणूनच ओळखतो अशी. एवढ्या मोठ्या अक्षरात दोन खिडक्या शेजारी मावत नव्हत्या, आणि मावल्या असत्या तरी दर शब्दाला मान फिरवून जागा हरवली असती. मग जुनी रीत आठवली. पूर्वी छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा प्रुफावर डोळे ठेवायचा. ते वाचणारं माणूस आता परवडत नाही, पण आवाज परवडतो. एनव्हीडीए हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मराठी वाचतं. तो आवाज ताईंना यंत्रासारखा वाटला, म्हणून हस्तलिखिताचं पान एज ब्राउझरमध्ये उघडून तिथला मराठी आवाज लावला. कानात हेडफोन, डोळे स्टोरी एडिटरवर. गळलेला शब्द, गळलेली ओळ, बदललेला आकडा हे कान पकडतो. ऱ्हस्व-दीर्घ तो पकडत नाही, कारण मराठी उच्चारात ‘मिळून’मधली वेलांटी आणि उकार ऐकून कुणाला नक्की सांगता येत नाहीत, तिथे डोळेच हवेत. अनुस्वाराचं दोघांत वाटून आहे.

उलट बाजूनं, म्हणजे पेजमेकरमधलं प्रूफच आवाजात ऐकता येईल का, असं मालकांनी विचारलं. येत नाही. जुन्या मराठी फाँटांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. पडद्यावर ‘शाळा’ दिसते, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती कसलीशी रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि वाचणारा आवाज तीच वाचतो.

विकतचं झूमटेक्स्टही विचारात होतं. ते अक्षरं ताणण्याऐवजी फाँट नव्यानं काढून मोठा दाखवायचा प्रयत्न करतं, मॅग्निफायरपेक्षा उजवं आहेच. पण जुळवणी करून झाल्यावर ताईंना मॅग्निफायर दिवसातून थोडाच वेळ लागत होता, तेवढ्यासाठी तो खर्च मी सुचवला नाही. हिशेबाचं काम करणाऱ्या, दिवसभर दहा प्रोग्रॅमांत फिरणाऱ्या माणसाला कदाचित सुचवला असता.

जमलेलं नाही ते गणिताचं. गणिताच्या गाइडात तक्ते, अपूर्णांक आणि आकृत्यांवरची अक्षरं स्टोरी एडिटरमध्ये नीट येत नाहीत. काही तर चित्रांच्या रूपातच पेस्ट केलेली असतात. तिथे पानावर चौपट झूम आणि वरून मॅग्निफायरची पट्टी असं दुहेरी वाचावं लागतं आणि ताई तासाभरात थकतात. तूर्त गणिताची प्रुफं दुसऱ्यांकडे जातात आणि त्यांच्या वाट्याची भाषेची व इतिहासाची ताईंकडे येतात. पगारात फरक केलेला नाही, हे मी विचारून घेतलं.

मालकांना आता ३२ इंची घ्यावा का असं वाटतंय. फोर-के ३२ इंचीवर इंचाला १३८ पिक्सेल, अक्षर किंचित मोठं; पण ३५ सेंटिमीटरवर बसणाऱ्या माणसाला ७० सेंटिमीटर रुंदीचा पडदा काय कामाचा, कडा रिकाम्याच राहणार. त्या पैशांत एखादं नवं गाइड युनिकोडमध्ये, पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये लावून बघा असं मी म्हटलं. तिथे मजकूर जुळवण्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग निवडली की मराठी जोडाक्षरं नीट बसतात, प्रोग्रॅम फोर-के ओळखतो आणि त्यातून निघालेला मजकूर ताईंना ऐकताही येईल. पाचवीच्या मराठीच्या गाइडाचे पहिले दोन धडे तसे लावायला घेतले आहेत.